केसांचा कलप : घरच्या घरी, पण जपून
(मंडळाच्या मासिक सभेत दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळात आजवर लोणच्या-मुरंब्यांपासून बालसंगोपनापर्यंत पुष्कळ विषयांवर व्याख्याने झाली. कलप या विषयावर मात्र एकही झाले नाही. त्याची गरज नव्हती असे नव्हे. या सभागृहात बसलेल्यांपैकी कितीजणी केसांना काही ना काही लावतात हे मी विचारणार नाही, कारण एकही हात वर होणार नाही हे मला ठाऊक आहे! आपण कलप लावतो, पण त्याविषयी बोलत नाही. आणि मला आज जे सांगावयाचे आहे ते नेमके एवढेच आहे की, कलपामुळे होणाऱ्या त्रासांपैकी पुष्कळसा त्रास या न बोलण्यामुळे आणि त्यातून येणाऱ्या घाईमुळे होतो. कलप चोरून लावला की तो घाईने लावला जातो, आणि घाईने लावला की चाचणी राहून जाते.

मी डॉक्टर नव्हे. शाळेत मुलींना रसायनशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. तेव्हा औषधोपचार सांगण्याचा अधिकार माझा नाही. वस्तू काय आहे, ती कशी वागते आणि तिच्याशी आपण कसे वागावे, एवढेच मी सांगणार आहे.

येवल्याच्या बायकांना रंगवण्याची गोष्ट नवी सांगावयास नको. पैठणीच्या या गावात कोणाच्या घरी माग आहे, कोणाचे सासर रंगाऱ्यांचे आहे, कोणी लहानपणी अंगणात वाळत घातलेल्या रेशमाच्या लडी राखत बसलेली आहे. कच्च्या रेशमावर एक नैसर्गिक डिंक असतो, त्याला सेरिसिन म्हणतात. साबण-सोड्याच्या गरम पाण्यात उकळून तो काढल्यावाचून रेशमावर रंग नीट बसत नाही, हे आपल्याकडच्या जाणत्या बाईला पुस्तक न वाचताही माहीत असते. रेशीम हे एक प्रथिन आहे आणि आपला केस हेही एक प्रथिनच आहे. त्याचे नाव केराटिन. म्हणून रेशमाला जसा रंग चढतो तसा तो केसालाही चढतो. इथवर दोघांचे साम्य.

पण एक मोठा फरक आहे. रेशमाची लड आपण रंगाच्या कढत पाण्यात बुडवतो, काठीवर पिळतो, उन्हात टाकतो. ती तक्रार करीत नाही. केसही तक्रार करीत नाही, कारण डोक्याबाहेर आलेला केस निर्जीव असतो; म्हणूनच तो कापला तरी दुखत नाही. परंतु हा निर्जीव धागा ज्या कातडीत रोवलेला आहे ती कातडी जिवंत आहे. तक्रार करते ती कातडी. कलप केसांचा असला तरी त्याची परीक्षा त्वचेवर घ्यावयाची, हे आजच्या व्याख्यानाचे सार समजा.

आता केस पांढरे का होतात ते थोडक्यात पाहू. केसाच्या मुळाशी काही पेशी मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार करतात. वय वाढले की त्या पेशी थकतात, रंग पुरवेनाशा होतात आणि केस पांढरा उगवतो. हे बव्हंशी आनुवंशिक आहे. ज्या घरात आई-आजी तिशीत पिकल्या त्या घरातील मुलीही लवकर पिकतात. एक पांढरा केस उपटला की सात येतात ही समजूत खोटी आहे. तसेच अमुक तेलाने पांढरा झालेला केस पुन्हा काळा उगवतो, याला आधार नाही. मात्र अगदी कोवळ्या वयात, विशीच्या आतच केस भराभर पांढरे होऊ लागले, तर बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉइड ग्रंथीचा विकार असू शकतो. अशा वेळी कलप शोधण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून घ्यावे.

केस रंगवण्याचे घरगुती प्रकार मुख्यतः दोन. पहिला वनस्पतींचा, दुसरा रासायनिक.

वनस्पतींमध्ये मेंदी आपल्या ओळखीची. राजस्थानात पाली जिल्ह्यातील सोजत हे गाव मेंदीच्या पिकासाठी प्रसिद्ध आहे. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचे द्रव्य असते; ते प्रथिनाला जाऊन घट्ट चिकटते. म्हणून तळहात रंगतो आणि केसही रंगतो. परंतु हा रंग नारिंगी-तांबडाच असतो. चहाचे पाणी घाला, लोखंडी कढईत रात्रभर भिजवा, रंग थोडा गडद होईल, पण निखळ मेंदीने केस काळेभोर कधीच होणार नाहीत. ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, कारण पुढे तिचे काम पडणार आहे.

काळा रंग वनस्पतीतून हवा असेल तर मेंदीनंतर नीळ लावतात. ही नीळ म्हणजे नीळीच्या झाडाच्या वाळलेल्या पानांची हिरवट भुकटी. पांढऱ्या कपड्यांना आपण जी नीळ देतो ती निराळी वस्तू आहे. ती केसांना लावावयाची नाही. रीत अशी : आधी चांगली चाळलेली मेंदी कोमट पाण्यात भिजवून केसांना लावावी, दोन-तीन तास ठेवून स्वच्छ पाण्याने धुवावी. मग नीळीच्या पानांची भुकटी कोमट पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि लगेच केसांना लावावी. ती फार वेळ तशीच ठेवली तर तिचा जोर जातो. तास-दीड तासाने धुवावे. शाम्पू त्या दिवशी लावू नये. रंग पहिल्या दिवशी हिरवट दिसला तर घाबरू नये. हवेतील प्राणवायूने तो दिवस-दोन दिवसांत गडद होतो. पूर्वी रेशमावर निळा रंग चढे तोही याच वनस्पतीचा, आणि तोही हवेतच खुलत असे.

या पद्धतीला अर्धा दिवस जातो, हा तिचा दोष. वनस्पतीची म्हणून तिचा कोणालाच त्रास होत नाही असेही नव्हे. क्वचित कोणाला मेंदीही सोसत नाही, म्हणून तिचीही चाचणी घ्यावी. आणखी एक गोष्ट तरुण आयांसाठी. काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचे एक विकर जन्मतःच कमी असते. अशा तान्ह्या बाळाच्या हातापायांना मेंदी लावली तर त्याच्या तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. तान्ह्या बाळाला हौसेने मेंदी लावू नये, हे बरे.

आता दुसरा प्रकार, रासायनिक कलप. याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे आणि आपल्या मागांशी त्याचे नाते आहे. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाला डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यावर प्रयोग करताना अवचित एक जांभळा रंग सापडला. तेथून कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले, आणि होता होता कुसुंबा, मंजिष्ठ, नीळ हे जुने रंग जगभरच्या रंगाऱ्यांच्या घरातून मागे पडले. पुढे त्याच कुळातील एक द्रव्य केसांसाठी उपयोगी पडते असे दिसून आले. १९०७ साली फ्रान्समध्ये युजीन श्युएलर या रसायनशास्त्रज्ञाने केसांचे कृत्रिम रंग तयार करून पॅरिसच्या केशकर्तनकारांना विकण्यास आरंभ केला. जी डांबराची विद्या लुगड्यावर आली तीच डोक्यावर आली, असे म्हणावयास हरकत नाही.

या कलपातील मुख्य द्रव्याचे नाव लांबलचक आहे : पॅराफेनिलीनडायअमीन. थोडक्यात पीपीडी. त्याचे काम कसे चालते? पीपीडीचे कण फार बारीक आणि रंगहीन असतात. ते केसाच्या खवल्यांतून आत शिरतात. त्यांच्याबरोबर प्राणवायू देणारे एखादे द्रव्य असते, बहुधा हायड्रोजन पेरॉक्साइड. त्याच्या योगाने आत गेलेले कण एकमेकांना जोडले जातात, मोठे होतात आणि त्यांना काळा रंग येतो. लहान मुली खिडकीच्या गजांतून एकेक करून आत शिराव्यात आणि आत गेल्यावर हात धरून फेर धरावा, मग तो फेर गजांतून बाहेर येणार कसा? म्हणून हा रंग धुतला तरी जात नाही. अमोनिया घातलेला असतो तो केसाचे खवले उघडण्यासाठी.

ही जोडणी पुरी होईपर्यंत पीपीडी त्वचेच्याही संपर्कात असते, आणि काही जणींच्या त्वचेला ते अजिबात सोसत नाही. याला वावडे म्हणा, ॲलर्जी म्हणा. या वावड्याची एक खोड फार फसवी आहे. ते पहिल्या वेळी बहुधा दिसत नाही. पहिल्या काही वेळा शरीर केवळ ओळख करून घेते. एखादीने दहा वर्षे एकच कलप लावलेला असतो, कधी साधी खाजही उठलेली नसते, आणि अकराव्या वर्षी एके दिवशी कपाळ, कान, मान लाल होते, पाणी सुटते, पापण्या सुजून डोळे मिटतात. "इतकी वर्षे लावते आहे, मला काही होत नाही" हे वाक्य म्हणून निर्धास्तपणाचे नाही. शिवाय हे वावडे एकदा जडले की सहसा जन्मभर राहते.

याचे एक उदाहरण सांगते; नावगाव सांगत नाही. आमच्या ओळखीच्या एका बाईंच्या मुलीचे लग्न होते. घर पाहुण्यांनी भरलेले. हळदीच्या आदल्या रात्री सगळे निजल्यावर बाईंनी न्हाणीघरात कडी लावून, कंदिलाएवढ्या उजेडात, नेहमीचाच कलप कालवून लावला. आठ वर्षे त्या तो लावीत होत्या. चाचणी घेतली नाही; घेणार तरी केव्हा? दुसऱ्या दिवशी कानामागे खाज सुटली. त्यांनी ती हळदीवर ढकलली. तिसऱ्या दिवशी लग्न, आणि सकाळी डोळे उघडेनात. डॉक्टर आले. "काय लावले होते?" असे त्यांनी विचारले तेव्हा शेजारी विहीणबाई बसल्या होत्या. बाई म्हणाल्या, "उटणे लावले होते." डॉक्टरांनी उटणे धरून औषध दिले. डोक्यात कलप आहे, तो पुन्हा धुऊन काढला पाहिजे, हे त्यांना कळणार कसे? खरी गोष्ट सांगावयास आणखी दोन दिवस गेले, आणि बरे वाटावयास पुरा पंधरवडा गेला. मुलीच्या पाठवणीच्या छायाचित्रात आईचा पदर नाकापर्यंत ओढलेला आहे. लोकांना वाटते, आई रडते आहे.

भगिनींनो, या हकिगतीत कलपाचा दोष किती आणि कडी लावलेल्या दाराचा किती, याचा तुम्हीच विचार करा.

आता चाचणी कशी घ्यावयाची ते नीट ऐका. नवे लुगडे पहिल्यांदा धुण्यापूर्वी आपण काय करतो? पदराचा एक कोपरा भिजवून, पांढऱ्या फडक्यावर दाबून, रंग जातो की काय ते पाहतो. हजारो रुपयांच्या वस्त्रासाठी जी काळजी घेतो ती स्वतःच्या कातडीसाठी घ्यावयाची, इतकेच. कानामागची किंवा कोपराच्या आतली जागा साबण-पाण्याने धुऊन कोरडी करावी. कलप जसा डोक्याला लावावयाचा असतो तसाच अगदी थोडा कालवावा आणि वाटाण्याएवढा ठिपका तेथे लावून वाळू द्यावा. पुडीतील पत्रकात सांगितले असेल तितका वेळ ठेवून धुवावे. मग पुरे ४८ तास त्या जागेवर लक्ष ठेवावे. लाली, खाज, पुरळ, फोड, आग यांपैकी काहीही झाले तर तो कलप आपल्यासाठी नाही. पुडी टाकून द्यावी. पैसे गेले म्हणून हळहळू नये.

ही माझी पदरची कल्पना नव्हे. आपल्या देशाच्या सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांप्रमाणे अशा कलपाच्या वेष्टनावर सावधगिरीची सूचना छापावीच लागते. काहींच्या त्वचेला त्रास होऊ शकतो म्हणून आधी चाचणी घ्यावी, आणि ती दर खेपेस घ्यावी, असे तीत सांगितलेले असते. दर खेपेस, हे शब्द महत्त्वाचे. नियमात २४ तासांचा उल्लेख आहे. युरोपातील वेष्टनांवर ४८ तास सांगतात. वावडे पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठते, म्हणून मी ४८ तासच धरावयास सांगेन. ज्यांना पूर्वी एकदा जरी कलपाने त्रास झाला असेल त्यांनी मात्र घरी चाचणीही घेऊ नये; थेट त्वचारोगाच्या डॉक्टरांना विचारावे.

म्हणजे लग्नाच्या आदल्या रात्री कलप लावणे मुळातच चूक. हिशेब असा ठेवा : कार्य रविवारी असेल तर चाचणी त्याच्या आधीच्या रविवारी. सोमवार, मंगळवार वाट पाहावी. सर्व ठीक असेल तर बुधवारी कलप. म्हणजे कार्यापूर्वी तीन दिवस हाताशी राहतात. पत्रिका छापावयास महिनाभर आधी देतो, मग डोक्यासाठी आठवडाभर द्यावयास काय हरकत आहे?

त्या सूचनेतच दुसरी एक गोष्ट असते, ती म्हणजे भुवया आणि पापण्या या कलपाने रंगवू नयेत. अंधत्व येऊ शकते. हे केवळ भिवविण्यासाठी लिहिलेले नाही. अमेरिकेत १९३३ च्या सुमारास 'लॅश ल्युअर' नावाचे पापण्या-भुवया रंगवण्याचे प्रसाधन विकले जात होते. त्यात पीपीडीच्या जातीचेच द्रव्य होते. त्याने एक स्त्री आंधळी झाली आणि आणखी कित्येकींच्या डोळ्यांना इजा झाली. तिथल्या कायद्याच्या कक्षेत तेव्हा सौंदर्यप्रसाधने येतच नव्हती. ती १९३८ च्या नव्या कायद्याने आली. त्या बायकांनी भोगले म्हणून आज आपल्या पुडीवर ती ओळ आहे. ती वाचली पाहिजे.

आता दुकानातल्या शब्दांविषयी. 'अमोनियाविरहित' याचा अर्थ पीपीडीविरहित असा नव्हे. 'हर्बल' लिहिलेल्या पुडीतही पीपीडी असू शकते. आणि 'काळी मेंदी' या नावाने तर फारच घोटाळा केला आहे. मघाशी मी सांगितले की निखळ मेंदी काळी रंगत नाही. तेव्हा मेंदी म्हणून घेतलेली पुडी जर अर्ध्या तासात केस काळेभोर करीत असेल, तर तिच्यात मेंदीखेरीज दुसरे काहीतरी आहे हे समजावे. वेष्टनावर घटकद्रव्ये बारीक अक्षरात छापलेली असतात. चष्मा लावून किंवा शाळेत जाणाऱ्या नातीकडून ती वाचून घ्यावीत. घटक न छापलेली सुटी पुडी घेऊच नये.

मुलींच्या हातावर काढतात त्या झटपट काळ्या मेंदीच्या कोनांबद्दलही सांगितले पाहिजे. यातही कधी कधी पीपीडी मिसळलेले असते आणि ते कलपापेक्षा जास्त प्रमाणात असू शकते. लहानपणी हातावर अशी मेंदी काढलेल्या मुलीला तेव्हाच वावडे जडू शकते, आणि ते पुढे पस्तिशीत पहिला कलप लावताना एकदम उसळते. नागपंचमीला, लग्नाला मुलींना मेंदी अवश्य काढा. पण ती तांबडी रंगणारी काढा. तांबडी मेंदीच आपल्या ओव्यांतली मेंदी आहे!

चाचणी निर्वेध पार पडली, आता प्रत्यक्ष लावावयाचे कसे?

डोक्यावर जखम, खरचटलेले, पुरळ असेल तर लावू नये. त्या दिवशी सकाळी केस खसखसून धुऊ नयेत. त्वचेवरचा नैसर्गिक तेलकटपणा थोडे रक्षण करतो. कपाळाच्या कडेने, कानांवर, मानेवर व्हॅसलिन किंवा खोबरेल लावावे, म्हणजे डाग पडत नाहीत. हातमोजे घालावेतच, पुडीबरोबर मिळतात ते फाटके निघाले तर वेगळे आणावेत. पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या वाटीत न कालवता चिनी मातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या वाटीत कालवावे, आणि ती वाटी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. खिडकी उघडी असावी. दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या पुड्या एकत्र करू नयेत. साशंक मेंदी लावलेल्या केसांवर लागलीच रासायनिक कलप चढवू नये. भेसळीच्या मेंदीत धातूंचे क्षार असले तर पेरॉक्साइडशी गाठ पडून केस तापतात आणि तुटतात.

कलप केसांना लावावा, कातडीवर चोळू नये. पुन्हा लावताना नुसती मुळांकडची वाढ रंगवावी. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो; टोकापर्यंत दर वेळी माखण्याची गरज नाही. घड्याळ समोर ठेवावे आणि पत्रकात दिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिटही जास्त ठेवू नये. जास्त ठेवल्याने रंग जास्त पक्का होतो ही चुकीची समजूत आहे. डोक्यावर कलप ठेवून झोपी तर कधीच जाऊ नये. आग होऊ लागली तर वेळ पुरी होण्याची वाट न पाहता तत्क्षणी धुवावे. धुताना डोके पुढे वाकवावे, डोळे मिटावेत, आणि पाणी निवळ येईपर्यंत धूत राहावे. डोळ्यात गेलाच तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन डॉक्टरांकडे जावे. उरलेला कालवलेला कलप झाकणबंद बाटलीत ठेवू नये. वायू साठून बाटली फुटू शकते. दोन कलपांमध्ये निदान चार ते सहा आठवड्यांचे अंतर असू द्यावे.

घरातील पुरुषमंडळींनाही हे सांगा. मिशांना कलप लावणे आपल्याकडे काही कमी नाही, आणि तेही गुपचूपच चालते. मिशी नाका-ओठांच्या मध्ये असते. तेथे जरा जास्तच जपले पाहिजे.

गर्भवती स्त्रियांविषयी नेहमी प्रश्न येतो. कलपातून शरीरात जाणारा अंश फार थोडा असतो असे डॉक्टर सांगतात. तरी पहिले तीन महिने थांबणे अनेकजण श्रेयस्कर मानतात. आपल्या डॉक्टरांना विचारावे. कर्करोगाविषयीही विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, स्वतःच्या डोक्याला कलप लावणाऱ्यांबाबत तसा निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही असे म्हटले आहे. मात्र वर्षानुवर्षे दुसऱ्यांचे केस रंगवण्याचा व्यवसाय करणाऱ्यांना धोका संभवतो, असे त्याच अहवालाचे मत आहे. ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या भगिनींनी हे मनावर घ्यावे. हातमोजे आणि मोकळी हवा यांत काटकसर करू नये. गिऱ्हाईक महिन्यातून एकदा कलप लावते, तुमचे हात रोज त्यात असतात.

आता एक गंभीर गोष्ट, आणि मग मी संपवते. कलप पोटात गेला तर तो भयंकर विष आहे. चेहरा आणि घसा सुजून श्वास कोंडतो, पुढे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. म्हणून कालवलेला कलप पेल्यात, कपात, भांड्यात ठेवू नका. पुड्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा, कुलपाच्या कपाटात ठेवा. चुकून कोणाच्या पोटात गेलाच तर ओकारी काढीत बसू नका, घरगुती उपाय करू नका, "आता बरे वाटते आहे" म्हणून थांबू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा, मोठ्या रुग्णालयात न्या, आणि रिकामी पुडी बरोबर न्या. ती पाहिल्यावर डॉक्टरांचा बहुमोल वेळ वाचतो. येथे लपवालपवी प्राणावर बेतते.

भगिनींनो, कोणी विचारील की हे सगळे करण्यापेक्षा कलप लावूच नये, असे का सांगत नाही? ते मी सांगणार नाही. बाईच्या केसांचे काय करावयाचे हे आपल्या समाजाने फार वर्षे बाईला ठरवू दिले नाही. नवरा गेला की केस उतरवले जात, आणि त्या बाईला कोणी विचारीत नसे. तो काळ गेला. आता कोणी पांढरे केस मिरवावेत, कोणी रंगवावेत, दोन्ही शोभते. पिकल्या केसांची चेष्टा करू नये आणि कलपाचीही करू नये. ही चेष्टा थांबली तर न्हाणीघराची कडी आपोआप निघेल. मग जाऊबाई जाऊबाईला म्हणेल, "माझ्या कानामागे जरा पाहा हो, लाल दिसते का?" आपली आपल्याला ती जागा दिसत नाही, पाहावयास दुसरेच कोणीतरी लागते.

म्हणून मी मंडळाला एक विनंती करते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण दरवर्षी काही ना काही वाण लुटतो. या वर्षी त्याबरोबर एक छोटा कागद द्यावा. त्यावर तीनच ओळी असाव्यात : चाचणी दर खेपेस, ४८ तास, भुवया-पापण्यांना नाही, त्रास झाला तर डॉक्टरांना खरे सांगा. तो कागद न्हाणीघराच्या दाराला आतून चिकटवला, तर या व्याख्यानापेक्षा जास्त काम करील.

 कोणाला काही विचारावयाचे असेल तर सभेत विचारा. संकोच वाटत असेल तर चहाच्या वेळी बाजूला येऊन विचारा. एवढे बोलून मी आपली रजा घेते.